रागावण्याचं बटण

मला कामावर घेतलं ते गोड बोलण्यासाठी. हे ऐकून आमच्या ह्यांना इतकं हसू फुटलं की तोंडातला चहा नाकातून बाहेर आला. बत्तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेली बाई मी. माझा आवाज ऐकून ऑपरेशनचे पेशंट दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागायचे, ते काही प्रेमाने नव्हे, धास्तीने. निवृत्त होऊन घरी बसले आणि महिनाभरात ह्यांनीच सुनेला फोन केला, "हिला कुठेतरी चिकटव गं बाई, नाहीतर मी घर सोडतो."

सून कॉम्प्युटरवाली. तिने ओळखीतून मला एका कंपनीत चिकटवलं. कंपनीचं मोबाइलवर तब्येत सांभाळायचं ॲप होतं, नाव ‘बरंय ना’. साखर किती, वजन किती, काय खाल्लं, किती पावलं चाललात, सगळं त्यात भरायचं, आणि पलीकडून आमच्यासारखं कुणीतरी तुम्हाला शाबासकी देणार.

ऑफिस चौथ्या मजल्यावर. बसायला खुर्च्या नाहीत, भुसा भरलेल्या मोठमोठ्या पिशव्या. एकदा आत रुतलं की उठायला दोन माणसं लागायची. आणि हे म्हणे लोकांच्या कंबरेची काळजी घेणार! समोरच्या भिंतीवर हा एवढा पडदा आणि त्यावर एकच रेघ, डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे तळाला गेलेली. मला वाटलं, कुणाचा तरी ताप उतरतोय. मी म्हटलं, "वा, छान आहे की."

तिथले साहेब माझ्या मुलाहून लहान. त्यांचा चेहरा पडला. "सिस्टर, हे आपले युजर आहेत. शंभर जण ॲप घेतात, महिन्याने सात उरतात."

"बाकीचे बरे होतात?"

"नाही हो. सोडून जातात."

मग त्यांनी मला अर्धा तास टिकाव म्हणजे काय ते समजावलं. टिकाव वाढला पाहिजे, टिकाव हाच खरा आकडा, टिकाव नाही तर काही नाही. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टिकाऊ ठेवून मोकळी झाले. लोक आजारी का पडतात याची त्या मजल्यावर कुणाला फिकीर नव्हती. ते ॲप का सोडतात, याने मात्र सगळ्यांची झोप उडाली होती. त्यासाठी काय काय करून बसले होते! पदकं होती, फुगे होते. एक कार्टूनचं हृदय होतं, दोन दिवस ॲप उघडलं नाही की ते ओक्साबोक्शी रडायचं. मी खरी हृदयं बंद पडताना पाहिली आहेत, एकही रडलं नाही.

लोक का सोडतात ते मला घरीच कळलं. मी ह्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. पहिल्या दिवशी ह्यांनी इमानदारीत दोन चहा लिहिले. दुसऱ्या दिवशी पाच प्यायले आणि दोन लिहिले. तिसऱ्या दिवशी ॲपने ‘वा, साखरेवर काय ताबा आहे तुमचा!’ म्हणून फुगे सोडले, तेव्हा ह्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "याला काही कळत नाही गं." झालं, संपलं. खोटं बोलून शाबासकी मिळाली की पहिला दिवस मजा वाटते. दुसऱ्या दिवशी समोरच्याची कीव येते, आणि कीव आलेल्या माणसाशी रोज कोण बोलत बसणार?

माझ्याकडे चारशे लोक दिले होते. त्यांच्यासाठी तयार वाक्यं होती. ‘तुम्ही छान करत आहात!’ ‘आजचा दिवस तुमचा!’ ‘एक पाऊल पुढे!’ आपण फक्त वाक्यावर बोट टेकवायचं, की ते गेलं. दिवसाला चारशे वेळा मी लोकांना छान म्हणत होते आणि संध्याकाळी जबडा आवळून घरी येत होते. स्वतः लिहायला खाली एक बारीक चौकोन होता. तो म्हणे अगदी गरज पडली तरच वापरायचा.

दुसऱ्या आठवड्यात मला किल्लीवाला भेटला. भेटला म्हणजे पडद्यावर. वय छप्पन्न. धंदा किल्ल्या बनवण्याचा. दुकान जुन्या टपाल कचेरीच्या जिन्याखाली. साखर तीनशे दहा. ‘इतर त्रास’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘पायाला मुंग्या यायच्या. आता काही वाटत नाही, बरं आहे.’

माझ्या अंगावर काटा आला. साखरेच्या पेशंटच्या पायाला काही वाटेनासं होतं ते बरं नसतं, ती घंटा असते. दिवसभर पितळेचा कीस उडणाऱ्या दुकानात हा माणूस बसतो, पायात चपला, आणि पायाला काही कळत नाही! त्या दिवशीचं तयार वाक्य होतं, ‘तुम्ही छान करत आहात!’ बोट तिथे गेलंच नाही माझं. बारीक चौकोन उघडला आणि लिहिलं:

‘अहो दादा, छान बिन काही चाललेलं नाही तुमचं. तीनशे दहा साखर आणि वर तीन चहा? उद्या पायात खिळा घुसला तरी तुम्हाला कळणार नाही. आजपासून दुकान बंद केलं की पाय धुवायचे, पुसायचे, खाली आरसा धरून तळवे बघायचे. बंद बूट घ्या. आणि रोज मला बघितले म्हणून लिहायचं. नाही लिहिलंत तर मी आहे आणि तुम्ही आहात.’

पाठवलं. म्हटलं, गेली नोकरी. सुनेचं नाक कापलं.

संध्याकाळी उत्तर आलं. एकच शब्द. ‘बघितले.’

दुसऱ्या दिवशीही ‘बघितले.’ तिसऱ्या दिवशी ‘बघितले. बूट घेतले. चावतात.’ मी लिहिलं, ‘चावणारे बूट परत करा, एक नंबर मोठे घ्या, संध्याकाळच्या वेळी जाऊन घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात.’ त्यावर त्याने लिहिलं, ‘दुकानदार कटकट करतो.’ मी म्हटलं, ‘त्याला माझा नंबर द्या.’ नंबर काही कुणी मागितला नाही, पण बूट बदलून मिळाले.

एकदा तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. मग मी चारशेही जणांचं वाचायला लागले. एका शिक्षिकेला विचारलं, परवा डावा गुडघा म्हणालात, आज उजवा कसा? तिने दोन पानं लिहून पाठवली. एका ट्रकवाल्याला म्हटलं, सलग नऊ दिवस एकच वजन? काटा बिघडलाय की तुम्ही? त्याने कान धरलेला स्वतःचा फोटो पाठवला. लोक भांडायचे, सबबी सांगायचे, रुसायचे, पण जायचे नाहीत. किल्लीवाल्याची साखर दोनशेवर आली. पहिला चहा सुटला तेव्हा त्याने लिहिलं, ‘सिस्टर, बायको गेल्यापासून माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं.’ मी ते वाचलं आणि उगाचच पाणी प्यायला उठले.

तीन महिन्यांनी टिकाऊने मला काचेच्या खोलीत बोलावलं. आत गेले तर समोर केक! पडद्यावर दोन रेघा. एक नेहमीची, तळाला गेलेली. दुसरी, जरा वाकून सरळ पुढे निघालेली.

"सिस्टर, ही तुमची रेघ! शंभरातले एकसष्ट टिकलेत. सिक्रेट काय?"

मी खरं ते सांगितलं. "मी रागावते."

टिकाऊचे डोळे चमकले. "टोन! मी म्हणतच होतो. सगळं टोनवर असतं."

"टोन नाही हो. मी त्यांचं लिहिलेलं वाचते. वाचल्यावर राग येतोच."

"वाचणं वाढवता येत नाही, सिस्टर," तो मला लहान मुलासारखं समजावत म्हणाला. "चार लाख लोकांचं कोण वाचणार? टोन मात्र वाढवता येतो."

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं मला. पण खोटं कशाला बोलू, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. बत्तीस वर्षं माझ्या रागाबद्दल तक्रारीच ऐकल्या होत्या. पहिल्यांदा कुणीतरी त्यासाठी केक कापत होतं.

तीन दिवस मला मऊ भिंतींच्या एका खोलीत बसवलं आणि तीनशे रागावणी भरून घेतली. पहिल्या दिवशी जमेना. समोर कुणी नसताना रागावायचं कसं? रेकॉर्डिंगवाला म्हणे, "मॅडम, जरा मायेने रागवा." मी म्हटलं, "कुणावर?" तो म्हणाला, "कुणावर असं नाही, नुसतंच." दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोटो समोर ठेवला, मग धो धो सुरू झालं. ‘सबबी नकोत!’ ‘उठा, चाला!’ ‘मी आहे आणि तुम्ही आहात!’ निवृत्त झाल्यावर कपाटात गेलेला पांढरा ड्रेस पुन्हा घालायला लावून, बोट उगारून फोटो काढला.

मी एकच शहाणपणा केला. विचारलं, "आणि कुणी काही काळजीचं लिहिलं तर?"

"यंत्र शब्द पकडतं. तुम्हीच यादी द्या ना, सिस्टर. त्यातला शब्द दिसला की लगेच डॉक्टरचा फोन."

मी मोठ्या तोऱ्यात यादी लिहून दिली. दुखतंय, रक्त, पू, ताप, चक्कर, धाप, छातीत कळ. दोन पानं भरली.

"आणि लोकांना सांगणार ना, की आता मी नाही म्हणून?"

"सांगू की. योग्य वेळी," टिकाऊ म्हणाला. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

बटण दाबायचा समारंभ झाला. सगळे टाळ्या वाजवत उभे, आणि टिकाऊने मला पुढे केलं. मीच दाबलं. त्या दिवसापासून चारशेच काय, चार लाख लोकांवर मी रागवायला लागले, आणि स्वतः आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून येऊन पिशवीत रुतून बसायला लागले. किल्लीवाल्याची आठवण यायची. पण म्हटलं, रोज बघितले लिहीत असेलच, टिकाऊ सांगतोय ना सगळं उत्तम चाललंय.

सात आठवडे गेले. एके दिवशी दुपारी टिकाऊ नाचतच आला. "सिस्टर, आपला नंबर एकचा युजर सापडला! एकशे साठ दिवस, एकही खाडा नाही. तुमचाच जुना माणूस, किल्लीवाला. त्याच्यावर आपण छोटी फिल्म करायची. तुम्ही आणि तो, त्याच्या दुकानात. आणि गंमत म्हणजे, आधी दिवसातून एकदाच ॲप उघडायचा, गेल्या पंधरवड्यात दिवसाला किती वेळा माहितेय? अकरा वेळा! याला म्हणतात टिकाव!"

मी म्हटलं, "अकरा वेळा कशाला?"

"म्हणजे?"

"अहो, माणूस एकाच दारावर अकरा वेळा कधी थाप मारतो? आतून कुणी ओ देत नाही तेव्हा. मला त्याचं लिहिलेलं दाखवा."

"ते आता कुणी उघडत नाही, सिस्टर. नुसता आकडा येतो."

"उघडा म्हणते ना!"

हा राग त्या भरून घेतलेल्या तीनशेतला नव्हता. त्याने मुकाट्याने उघडून दिलं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी त्याने लिहिलं होतं, ‘बघितले. डाव्या अंगठ्याखाली लाल आहे. बुटात कीस गेला असावा. दुखत नाही.’ खाली माझं उत्तर. माझं म्हणजे, माझ्या उगारलेल्या बोटाखालचं. ‘शाब्बास! असंच रोज बघत जा!’

मंगळवारी त्याने फोटो पाठवला होता. ॲपमध्ये फोटो पाठवायला एकच जागा, जेवणाची. ताटाचा फोटो टाकला की त्यात काय आहे आणि किती कॅलरी हे यंत्र ओळखायचं. त्याच्या फोटोखाली यंत्राने लिहिलं होतं, ‘टोमॅटो, एक मध्यम. बावीस कॅलरी. छान निवड!’ त्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘सिस्टर, टोमॅटो नाही, पाय आहे.’ आणि मी त्याला म्हटलं होतं, ‘सबबी नकोत! आज पावलं फक्त दोन हजार. उठा, चाला!’

शुक्रवारी पुन्हा फोटो. ‘उकडलेलं बीट, पाऊण वाटी.’ खाली त्याचं, ‘पाणी येतंय थोडं. तरी चालू का?’ आणि खाली मी, ‘चालायचं म्हणजे चालायचं! मी आहे आणि तुम्ही आहात!’ शनिवारी त्याची पावलं पाच हजार चारशे. त्याला पदक मिळालं होतं.

मग रोज एक फोटो. शेवटचा कालचा. ‘भाजलेलं वांगं. एकशे दहा कॅलरी. मीठ कमी घाला.’ त्याखाली त्याने लिहिलं होतं, ‘सिस्टर, रागावू नका. आज कमी चाललो.’

तो फोटो बघितला आणि मला काचेच्या त्या थंडगार खोलीत वॉर्डातला वास आला. त्याने ‘दुखतंय’ लिहिलं असतं तर यंत्राने पकडलं असतं. पण मेलेला पाय दुखत नाही. हे साऱ्या जगात कुणाला माहीत असेल तर ते मला, आणि दोन पानांच्या त्या यादीतून नेमकं तेच माझ्या हातून राहिलं होतं. ना लाल, ना पाणी, ना दुखत नाही.

"फिल्मचं मंगळवारी ठरवू या?" टिकाऊने विचारलं. त्याला वांगंच दिसत होतं.

जुन्या टपाल कचेरीच्या जिन्याखाली उभं राहायलाही जागा नव्हती. खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मधे घासायचं मशीन, जमिनीवर पितळेचा पिवळा कीस. पुढे एक मुलगी गिऱ्हाइकाची किल्ली कागदावर आखून घेत होती, ती त्याची लेक. तो मागे डबड्यावर बसला होता. डाव्या बुटाचं पुढचं तोंड त्याने पत्रा कापायच्या कात्रीने कापून मोकळं केलं होतं, अंगठा मावेना म्हणून. मला बघितलं आणि धडपडून उभाच राहिला.

"सिस्टर! तुम्हीच ना? फोटोतल्या!" तो ओशाळून हसला. "मी कमी चाललो म्हणून एवढ्या रागावलात की थेट दुकान गाठलंत?"

"बसा आधी," मी म्हटलं. त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठा गेलेला होता, काळं वर घोट्याकडे चढत होतं, आणि अंग तापाने भाजत होतं. तो मात्र निवांत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"दवाखान्यात का गेला नाहीत?"

लेक चिडून म्हणाली, "मी पंधरा दिवस डोकं फोडतेय! चला म्हटलं, हात धरून ओढलं. तर म्हणे, सिस्टर रोज फोटो बघतायत, त्या काही बोलत नाहीत म्हणजे काळजीचं नाही."

"नाहीतर काय," तो म्हणाला. "साध्या बुटाच्या नंबरावरून तुम्ही मला झापलं होतंत. हे वाईट असतं तर सोडलं असतंत का मला?"

मी रिक्षा बोलावली. वाटेत एक शब्द बोलले नाही. तो बिचारा दोनदा म्हणाला, "सिस्टर, रागवा हवं तर, पण गप्प बसू नका."

घोट्याच्या वर सहा बोटांवर पाय कापला. सर्जन माझ्याच हाताखाली शिकाऊ असताना घाबरून पळणारा पोरगा, आता मोठा झालेला. बाहेर येऊन म्हणाला, "सिस्टर, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. घरात कुणाचं लक्ष नव्हतं का?" मी म्हटलं, "होतं. घरातल्यांचं होतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. टिकाऊ ऐकून पांढराफटक पडला, हे मी मान्य करते. पाणी प्यायला, डोकं धरून बसला. दहा मिनिटं तो माणूस होता. मग त्याने लॅपटॉप ओढला आणि म्हणाला, "सिस्टर, ‘लाल’ टाकला मी यादीत. आणि ‘दुखत नाही’ पण."

"आणि वांगं?"

"वांगं कसं टाकणार? लोक वांगं खातात."

मी बघत राहिले. त्याला वाटलं, मी विचार करतेय. तो हळूच म्हणाला, "फिल्मचं मात्र डोक्यातून काढू नका हं. उलट आता त्यात जिद्द आली. एवढं होऊनही आज सकाळी त्याने ॲप उघडलंय."

तेव्हा मी जी सुटले ती सुटलेच. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पिशव्यांमधली सगळी मंडळी धडपडून उठली, कुणाच्या मदतीशिवाय. शेवटी म्हटलं, "मी चालले. माझा फोटो काढा, माझा आवाज काढा."

टिकाऊने कागद दाखवला. तीनशे रागावणी कंपनीची होती. खाली माझी सही होती, केकच्या दिवशीची.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेले. त्याचा ताप उतरला होता, उशीला टेकून बसला होता. लेक बाजूच्या स्टुलावर. फोन त्याच्या छातीवर पालथा. घरून निघतानाच ठरवलं होतं, सांगून टाकायचं. हे म्हणाले होते, "आता कशाला सांगतेस, त्या माणसाला तेवढाच आधार." पण मला ते जमेना. तो रोज फोन करून माझे आभार मानत होता, आणि एकेक आभार मला चपराकीसारखा बसत होता.

मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. रेघ, केक, मऊ भिंतींची खोली, यादी, बटण. बटण मीच दाबलं, हेही सांगितलं. लेकीचा चेहरा तांबडालाल झाला, ती उठून खिडकीपाशी गेली. तो ऐकत राहिला. कापलेल्या पायावरची चादर सारखी करत होता.

"मग शाब्बास कोण म्हणत होतं?"

"कुणीच नाही."

"टोमॅटो म्हणाले तेव्हाही तुम्ही नव्हतात?"

"नव्हते."

"मला वाटलं, माझी गंमत करताय. हसलो होतो मी." मग त्याने विचारलं, "तुम्ही होतात कधीपर्यंत?"

"एकशे बाराव्या दिवसापर्यंत."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मोजताना मधेच थांबला. "एकशे विसाव्याला मी बायकोचं सांगितलं होतं तुम्हाला. शेवटचं काय काय झालं ते सगळं."

मला ते माहीतच नव्हतं. मी वाचलं नव्हतं. लाज वाटली, इतकी की मान वर होईना. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागून त्याला काय मिळणार होतं? मग मला जे येतं ते केलं. पायाकडची चादर वर केली आणि उरलेल्या पायाचा तळवा बघायला घेतला. टाचेला भेग होती. बोटाच्या पेराएवढी, कडा पांढऱ्या, आत ओल.

"ही कधीची?" मी उसळलेच. "चार दिवस इथे पडलायत तुम्ही, कुणी टाच बघितली नाही? तुम्ही बघितली नाहीत? एक पाय गेला तरी अक्कल नाही आली? मलम कुठाय? टाचेखाली उशी कुठाय? बोलवा त्या वॉर्डच्या पोरीला, आत्ताच्या आत्ता!"

आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट सरळ बसले. तो मात्र हलला नाही. तोच राग, तेच शब्द, पण तो माझ्याकडे शांतपणे बघत राहिला. नोट खरी की खोटी ते उलटसुलट करून बघतात, तसा. मग लेकीकडे वळला आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला,

"डॉक्टर आले की त्यांना विचार, खरंच भेग आहे का."

लेकीने मान हलवली, आणि माझ्या हातातून त्याचा पाय काढून घेऊन चादरीखाली ठेवला.